काझी सरांनी काढलेला अनुस्वार

काझी सर मला शेवटपर्यंत ‘सत्तावीस’ म्हणत. आठवी ‘ब’च्या हजेरीपटावर माझा क्रमांक सत्तावीस होता. पुढे मी रसायनांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत लागलो, लग्न केलं, डोंबिवलीत घर घेतलं, केस पिकले, तरी सरांच्या लेखी मी सत्तावीसच. एकदा ठाण्याच्या बाजारात भाजी घेताना मागून आवाज आला, “सत्तावीस, वांगी दाबून बघ.” माझ्या बायकोला वाटलं, कोणीतरी भाव सांगतंय.

ते मुलांना नावाने का हाक मारत नाहीत, असं वर्गातल्या एका मुलीने त्यांना विचारलं होतं. सर म्हणाले, “नावामागे आडनाव येतं, आडनावामागे सगळं लचांड येतं. नंबरात फक्त बाक कळतो. मला तेवढं पुरतं.”

सरांचं स्वतःचं आडनाव काझी. कल्याणच्या जुन्या वस्तीतलं कोकणी मुसलमान घर. आमची ठाण्यातली शाळा मिशनरी, माध्यम मराठी, मुलं बहुतेक हिंदू, आणि गणिताला काझी सर. यात काही विशेष आहे असं आम्हांला तेव्हा वाटत नव्हतं. सर गेले त्याला आता दोन वर्षं होतील. त्यांच्याविषयी लिहायला बसलो, तेव्हा लक्षात आलं की यात विशेष होतं.

अंगाने ते सडपातळ आणि उंच. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खडूला कागदाची पट्टी गुंडाळलेली, त्यामुळे तासाच्या शेवटीही बोटं स्वच्छ. फळ्यावर मुलाचं गणित चुकलं तर ते पुसत नसत. पहिली चुकीची पायरी शोधून तिच्यावर एक आडवी रेघ मारत आणि म्हणत, “इथपर्यंत बरोबर.” मग रेघेखालचं पुन्हा करायचं. कितीही भोपळा असला तरी दोनतीन पायऱ्या बरोबर निघतच. प्रयोगशाळेतल्या नव्या मुलांचे अहवाल तपासताना मी आजही तशीच रेघ मारतो.

त्यांचा मित्र एकच, इतिहासाचे पास्कल सर. बाळकुमचे ईस्ट इंडियन, म्हणजे इथलेच मूळचे ख्रिस्ती, अंगाने भरलेले, बोलताना टेबल वाजवणारे. दोघे एकाच वर्षी नोकरीला लागले होते आणि शिक्षकखोलीत खिडकीजवळच्या दोन खुर्च्या त्यांच्या ठरलेल्या होत्या. एकमेकांना ते ‘काझ्या’ आणि ‘पास्क्या’ म्हणत, पण मुलं जवळपास असली की ‘काझी सर’ आणि ‘पास्कल सर’. दोघांच्याही घरी तांदळाचं वाफवलेलं सांदण होत असे, आणि ते मुळात कोणाचं यावर दरवर्षी वाद होई. पास्कल सरांकडचं सांदण माडी घालून फुगवलेलं, म्हणून ते काझी सरांना चालत नसे. मग पास्कल सरांच्या पत्नी, रेजिनाबाई, वेगळा घाणा यीस्ट घालून काढत आणि डब्याला ओळखीसाठी दोरा बांधत. काझी सर खाऊन म्हणत, “चव बरी आहे. आमची चोरलेली असल्यामुळे.”

एकदा पास्कल सरांनी आमच्यासमोरच त्यांना गाठलं. “मला सांगा काझी सर, आमच्या येशूच्या जन्मापासून साल मोजायचं, आणि मराठीत त्याला म्हणायचं काय, तर इसवी सन. इसवी म्हणजे ईसाचं. ईसा हे तुमच्याकडचं नाव. सन हा शब्दही तुमच्याकडचाच. आमचं काय राहिलं यात?”

“जन्म,” काझी सर म्हणाले. “तो तुमच्याकडे झाला, असं तुम्ही म्हणता. आमचेही ते नबीच आहेत. उगाच एकट्याने मिरवू नका.”

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहितो आहे तिच्याकडे येतो.

ठाण्यात सातशे वर्षांपूर्वी, इसवी सन १३२१ मध्ये, चार ख्रिस्ती साधू मारले गेले. ही गोष्ट आमच्या पाठ्यपुस्तकात नव्हती, पण पास्कल सर ती आठवीला एक तास काढून सांगत. तेव्हा ठाणं मोठं बंदर होतं, अंमल मुसलमानांचा होता आणि गावात पूर्वेकडच्या पंथातल्या ख्रिस्त्यांची पंधरा घरं होती. युरोपातून आलेले हे साधू त्यांतल्या एका घरी उतरले. त्या घरात नवराबायकोचं भांडण झालं, नवऱ्याने बायकोला मारलं, बायकोने काझीकडे तक्रार केली आणि साक्षीदार म्हणून साधूंची नावं सांगितली. साधूंना बोलावलं. साक्ष बाजूला राहिली आणि धर्मावर वाद सुरू झाला. पैगंबरांविषयी त्यांना काय वाटतं असं काझीने विचारलं, त्यांनी जे वाटत होतं ते सांगितलं, आणि त्यातून प्रकरण खुनापर्यंत गेलं.

पास्कल सर हे सगळं नीट सांगत. पण आम्ही तेरा वर्षांचे. आमच्या डोक्यात एकच गोष्ट राहिली: काझी. दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘काझी सरांनी चार पाद्री मारले’.

सर आत आले, त्यांनी वाचलं.  लिहिणारा कोण हे मला माहीत होतं, अजून आहे. सरांनी ते पुसलं नाही. खडूची पट्टी नीट करत त्यांनी विचारलं, “साल कोणतं?”

कोणी बोललं नाही.

“म्हणजे इतिहासही कच्चा.” त्यांनी त्याच ओळीखाली लिहिलं, इसवी १३२१. शेजारी लिहिलं, हिजरी ७२१. “फरक किती? सहाशे. आज फरक किती, ते घरी कॅलेंडरात बघा. सहाशेपेक्षा कमी निघेल. हिजरी वर्ष साधारण अकरा दिवसांनी लहान, म्हणून ते रोज थोडं थोडं जवळ येतंय. दोघांचा आकडा एक कधी होईल ते काढून आणा.”

मी तीन दिवस ते गणित करत होतो. उत्तर वीस हजार आठशे चौऱ्याहत्तर सालाच्या आसपास येतं. मी ते शिक्षकखोलीत दाखवायला गेलो, तेव्हा पास्कल सर शेजारीच होते. त्यांनी वही ओढून वाचलं आणि म्हणाले, “तोवर आपण दोघांनी काय करायचं?”

“चहा,” काझी सर म्हणाले.

पण त्या फळ्याचं पास्कल सरांना फार लागलं होतं, हे आम्हांला नंतर कळलं. पुढच्या वर्षी त्यांनी आठवीला ती गोष्ट सांगितलीच नाही. मी नववीत होतो. सहामाहीच्या वह्यांचा गठ्ठा घेऊन मी शिक्षकखोलीच्या दारात उभा होतो आणि आतून काझी सरांचा आवाज आला. तो चढलेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

“यंदा मला कोणी चिडवलं नाही, तेव्हाच मला शंका आली. गाळलीस ना गोष्ट?”

“तुला त्रास होतो म्हणून, काझ्या.”

“मला त्रास होतो हे कोणी सांगितलं?”

“सांगायला कशाला पाहिजे? फळ्यावर तुझं नाव होतं.”

“पोरांनी लिहिलं होतं. पोरांना आडनाव आणि हुद्दा यांतला फरक कळत नाही. तुला कळतो. तरी तू गाळलीस, म्हणजे तो काझी माझाच कोणीतरी लागतो असं तुलाही वाटतं.”

 मी वह्या दारातच ठेवून पळालो. त्यानंतर खिडकीजवळच्या दोन खुर्च्यांपैकी एक बरेच दिवस रिकामी असे. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली, तेव्हा पास्कल सरांनी आठवीच्या दोन्ही तुकड्यांना एकत्र बसवून ती गोष्ट सांगितली. मधल्या सुट्टीत दोघे चहा पिताना दिसले. कोण कोणाला काय म्हणालं, मला माहीत नाही.

यानंतर मधली तीसेक वर्षं मी सोडून देतो. दोघे निवृत्त झाले. वर्षातून दोनदा मी दोघांपैकी कोणाकडे तरी जात असे. कोलशेत रस्त्याला आणि बाळकुमला टॉवर उभे राहिले, पण पास्कल सरांचं बैठं घर त्यांच्यामध्ये तसंच राहिलं. काझी सर कल्याणहून भिवंडीला आणि तिथून कशेळीमार्गे बाळकुमला, असे दोन वाहनं बदलून दर रविवारी यायचे. करोनानंतर पास्कल सर आजारी पडले आणि गेले. त्याच सुमाराला शाळेच्या मोठ्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघायची होती आणि ‘ठाण्यातील ख्रिस्ती समाज’ हा तिच्यातला लेख पास्कल सरांनी आजारपणात लिहून ठेवला होता. त्यांचं ते शेवटचं लिखाण. माजी विद्यार्थी म्हणून मुद्रितं, म्हणजे छपाईआधीची प्रुफं, तपासायचं काम माझ्याकडे आलं. आकडे आणि तारखा मी तपासायच्या, टंकन शुभांगी करणार होती. तीही आमच्याच शाळेची, माझ्यानंतर बारा वर्षांनी पास झालेली. काझी सर तिला एकेचाळीस म्हणत.

स्मरणिकेच्या समितीचे अध्यक्ष म्हणजे शाळेचे मुख्याध्यापक फादर, फार सज्जन माणूस. पहिल्याच बैठकीत ते म्हणाले, “लेख उत्तम आहे. फक्त चार साधूंचं पान थोडं सौम्य करू या. काझी सर आपले आहेत, त्यांना वाईट वाटायला नको. मी एक वाक्य सुचवतो: ‘या चार साधूंना ठाण्यात हौतात्म्य आले.’ बस, तेवढंच.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही ते बरं वाटलं, हे कबूल करतो. शेवटी एक जण म्हणाला, सरांना एकदा विचारून घ्या. पुढच्या रविवारी मी आणि शुभांगी बाळकुमला गेलो. पास्कल सर नसले तरी काझी सरांचा रविवारचा नेम चालू होता. रेजिनाबाई चहा करत आणि ते वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत.

मी फादरांचं वाक्य वाचून दाखवलं.

“हौतात्म्य आलं?” सर म्हणाले. “ताप येतो तसं? कोणी आणलं की आपलं आपण आलं?”

“सर, तुम्हांला...”

“मला काय वाटेल ते मला विचार, सत्तावीस. माझ्या वतीने तू वाटून घेऊ नकोस. हीच चूक पास्क्याने एकदा केली होती. त्याने ती दुरुस्त केली. आता तो गेल्यावर तुम्ही ती परत करताय, आणि ती पण त्याच्या लेखात.”

आतून रेजिनाबाई म्हणाल्या, “काझी भाऊजी, पोरांवर कशाला तापता? ती भल्यासाठीच सांगतायत.”

“भल्यासाठीच तर भीती, वहिनी.”

त्यांनी पास्कल सरांच्या हातचे मूळ कागद मागितले आणि शुभांगीने टंकलेलं मुद्रित शेजारी ठेवलं. भिंग घेऊन ते ओळीओळीने बोट फिरवू लागले. सहाव्या ओळीवर थांबले.

“एकेचाळीस, हे काय आहे? ‘काझींनी साधूंना प्रश्न विचारला.’ पास्क्याने काय लिहिलंय बघ. काझीने.”

शुभांगी लाल झाली. “सर, हात जातच नाही हो. काझी म्हटलं की तुम्हीच डोळ्यांसमोर येता. काझीने कसं लिहायचं?”

सर हसले. मग मी मोजलं. पानावर काझी हा शब्द अकरा वेळा होता आणि अकराही ठिकाणी तिने आदरार्थी केलेला होता. काझींनी, काझींना, काझींच्या सांगण्यावरून. मी दोनदा मुद्रित वाचलं होतं आणि मलाही ते दिसलं नव्हतं. माझंही डोकं तसंच चालत होतं.

“अनुस्वार काढ,” सर म्हणाले. “मला मान दे, मी घेईन. त्याला कशाला? आणि मानाचं जाऊ दे. मराठीत आदर दिला की एकाचे अनेक होतात. काझीने मारलं म्हणजे एका माणसाने. काझींनी मारलं म्हणजे किती जणांनी? वाचणाऱ्याला कळणार नाही. आज तो काझींनी म्हणेल, उद्या मुसलमानांनी म्हणेल. एका टिंबाचं अंतर आहे.”

मग त्यांनी कोड्याच्या कागदाच्या कडेला गणित मांडलं. काझी एक. गावचा अंमलदार एक. त्याने काझीच्या सांगण्यावरून पाठवलेली हत्यारबंद माणसं चार. “झाले सहा. बघायला जमलेले लोक होते, ते वेगळे धरायचे, पण धरायचे. ते निर्दोष होते असं मी म्हणत नाही. गावात मुसलमान एकूण किती? कुठेही लिहिलेलं नाही. म्हणजे अंश सहा आणि छेद माहीत नाही. छेद माहीत नसताना जो ‘मुसलमानांनी’ असं लिहितो, त्याला माझ्याकडे शून्य. आणि ‘आलं’ असं लिहितो, त्यालाही शून्य. त्याने अंशच खोडला.”

मी अनुस्वार काढले. फादरांना कळवलं. ते म्हणाले, “सरांचं बरोबर आहे. माझी चूक झाली.”

एवढ्यावर हे संपलं असतं. पण त्या आठवड्यात सरांच्या मुलाचा, इम्तियाजचा, मला फोन आला. तो औषधाच्या कंपनीत आहे, माझ्यापेक्षा थोडा लहान.

“दादा, तुम्ही अब्बांना समजवा. फादर गाळत होते ना, गाळू द्यायचं होतं. अब्बांना वाटतं लोक पान वाचतात. लोक फोटो बघतात. या पानाचा वरचा अर्धा भाग कापून कोणी ग्रुपवर टाकला, तर? काझीने चार पाद्री मारले, बस. खालचं कोण वाचणार? कल्याणात आम्ही राहतो, अब्बा राहतात, माझी पोरगी कॉलेजला जाते. तिचं पण आडनाव काझीच आहे.”

 पुढच्या रविवारी शुभांगीबरोबर बाळकुमला गेलो, तेव्हा त्याचं म्हणणं मी सरांना जसंच्या तसं सांगितलं. 

“इम्तियाज बरोबर बोलतोय,” ते म्हणाले. “पान गाळलं तर पास्क्याचं शेवटचं लिखाण माझ्यामुळे खोटं ठरेल. छापलं तर माझ्या नातीला त्रास होऊ शकतो. दोन्ही खरं आहे. एक खरं म्हणून दुसरं रद्द होत नाही.”

त्यांनी पुन्हा मूळ कागद काढले. पास्कल सरांच्या हस्ताक्षरात ती सगळी हकिकत सलग होती. खून, त्यानंतर दिल्लीच्या सुलतानाने अंमलदाराला बोलावून दिलेली देहदंडाची शिक्षा, काझीचं पळून जाणं, आणि हे सगळं ख्रिस्ती साधूंच्याच लिखाणातून आलेलं असल्याने जपून वाचावं ही सूचना, सगळं एका दमात. मुद्रितात मात्र खुनापाशी परिच्छेद तोडलेला होता, आणि पुढचं दुसऱ्या पानावर गेलं होतं.

“हा परिच्छेद कोणी पाडला?”

“मी, सर,” शुभांगी म्हणाली. “फार लांब वाटत होता.”

रेजिनाबाई म्हणाल्या, “पास्कल परिच्छेद पाडायचाच नाही. मला लिहिलेल्या पत्रांतसुद्धा नाही. श्वास घ्यायला जागा नसायची.”

“तसंच ठेवायचं,” सर म्हणाले. “एक परिच्छेद, एक पान.”

“सर, फोनवर काहीही कापता येतं,” शुभांगीने हळूच सांगितलं.

“येतं. पण आता कापायचं तर वाक्याच्या मध्ये कापावं लागेल. कापलेलं दिसेल. त्यापेक्षा जास्त मी काय करणार?”

दोनशे एकोणचाळीस शब्द होते. नेहमीच्या अक्षरात ते एका पानावर बसत नव्हते, सात ओळी उरत होत्या. अक्षर अर्ध्या अंकाने लहान केलं, समास थोडे कमी केले, पानाच्या वरचं वेलबुट्टीचं चित्र काढलं. बसलं. सर भिंगातून पुन्हा सगळं वाचून गेले आणि खाली त्यांनी सही केली. मुद्रितावर सही लागत नाही, पण ती मी तशीच राहू दिली.

समारंभ शाळेच्या पटांगणात झाला. फादरांनी सरांना ते पान वाचायची विनंती केली होती. मला वाटलं नव्हतं ते वाचतील, पण ते मंचावर गेले, भिंग काढलं आणि अगदी सपाट आवाजात, समीकरण वाचावं तसं, वाचलं. ‘काझीने’ हा शब्द पहिल्यांदा आला तेव्हा मागच्या रांगेत, आमच्याच वयाच्या कोणीतरी, दबकं हसलं. सरांनी मान वर केली नाही. इम्तियाज माझ्या शेजारी बसला होता. शेवटपर्यंत त्याने हातातल्या पत्रिकेची घडी घालणं आणि उलगडणं थांबवलं नाही.

नंतर चहाच्या वेळी एक जण सरांकडे आला. सर त्याला ओळखत नव्हते, मीही नाही. कोणत्या तरी अलीकडच्या तुकडीचा असावा. म्हणाला, “सर, प्रती संपल्या. तुम्ही वाचलं त्या पानाचा फोटो काढू का? आमच्या ग्रुपवर टाकतो.”

इम्तियाज पुढे झाला. सरांनी त्याच्याकडे बघितलं आणि हातानेच थांब म्हणाले. मग स्मरणिका उघडून त्यांनी ते पान दोन्ही हातांनी छातीशी सपाट धरलं. त्या माणसाने फोन पुढे केला.

“जवळून नको,” सर म्हणाले. “मागे हो. अजून. खालचं येतंय का?”

“आलं, सर.”

“दाखव.”

त्याने फोन समोर धरला. सरांचे डोळे तेवढं बारीक वाचू शकत नव्हते.

“शेवटची ओळ वाच.”

त्याने दोन बोटांनी चित्र मोठं केलं, खाली सरकवलं आणि वाचलं, “‘ती बाई काझीकडे गेली होती, कारण आपण ख्रिस्ती असलो तरी तो आपलं ऐकून घेईल असं तिला त्या सकाळपर्यंत वाटत होतं.’”

सरांनी पुस्तिका मिटली.

“आता पाठव,” ते म्हणाले.